अकोट सोडल्याची रिंग

आई हिवरखेडहून माझ्याकडे अमरावतीला राहायला आली, आणि दुसऱ्याच महिन्यात तिचं संध्याकाळचं जेवण सुटलं. उपास धरला, रुसली, असं काही नव्हतं. दिवेलागणीला ती स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची घेऊन बसायची. परातीत पीठ काढलेलं, तवा ओट्यावर काढलेला, आणि ही नुसती बसलेली. मी शाळेतून शिकवणीला, शिकवणीवरून भाजीला, असं करत कधी सातला तर कधी साडेआठला घरी पोचायचे. पीठ तसंच, तवा तसाच. मग मी चपला काढल्या न काढल्या की कुकर लावायचा, खिचडी टाकायची आणि ताट तिच्यापुढे सरकवायचं. ती म्हणायची, "आता भूक मेली वं. तू खाय."

सुरुवातीला मी समजूत घातली, मग चिडले. माझा स्वभाव काही गोड नाही. शाळेतली पोरं माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि ते फारसं चूकही नाही. पण तिच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या तसा माझा राग गेला आणि भीती आली.

आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, ओट्यावरच्या टोपलीत दुपारी केलेल्या भाकरी सापडायच्या. गार, फडक्यात नीट गुंडाळलेल्या, चांगल्या चारचार. कोणासाठी केल्या म्हणून विचारलं तर म्हणायची, "येईन कोणी." दुसरी म्हणजे, ती फोन उचलत नव्हती. बीपीची गोळी घेतली का, हे विचारायला मी मधल्या सुट्टीत रोज फोन लावायचे. फोन तिच्या उशाशी, पूर्ण रिंग जायची, आणि ही उचलायची नाही. कानाला काही झालेलं नव्हतं. शेजारच्या घरात बशी पडली तरी तिला ऐकू यायचं.

डॉक्टरांना मी हे तिन्ही सांगितलं. रविवारी मात्र ती छान जेवते, तेही सांगितलं. ते म्हणाले, विसरण्याचा आजार असा चोरपावलांनीच येतो, एखादा दिवस चांगला, एखादा वाईट. पुढच्या महिन्यात तपासण्या करू, तोवर पोटात काहीतरी जाऊ द्या. मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून रडले. आई खाली रिक्षात बसली होती. मी आले तशी म्हणाली, "तोंड काऊन सुकलं तुहं? सकायपासून काही खाल्लं नाही वाटते."

त्याच संध्याकाळी मी तिच्याजवळ मोढा ओढून बसले आणि आवाज शक्य तेवढा मऊ करून विचारलं, "आई, तू रोज कशाची वाट पाहत बसतेस?"

"रिंग नाही आली," ती म्हणाली.

 आमच्या घरात रिंग म्हणजे एकच रिंग होती, आणि ती देणारा माणूस जाऊन तीन वर्षं होत आली होती.

ती रिंग काय होती ते सांगायला हवं. हिवरखेडला आमचा मळा होता. विहिरीवर भिजणारी थोडीशी जमीन, वांगी, मेथी, सांभार, आणि बांधाबांधाने दसऱ्यासाठी झेंडू. पुण्याची माणसं ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आमचा सांभार. वडील माल घेऊन पहाटे अकोल्याला जायचे, तिथे हर्रास व्हायचा, म्हणजे बोली लागून माल विकला जायचा, आणि संध्याकाळी ते अकोटमार्गे एसटीने परत यायचे. आमचं बरं चाललं होतं. वांग्याचं रडगाणं वर्षातून दोनदा असायचं, पण ते वांग्याचंच.

गाव मात्र सगळं कापसाचं होतं, आणि ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. आज ह्या गावात कोणी औषध घेतल्याची बातमी, उद्या त्या गावात. कोणी मोठ्याने बोलायचं नाही. तेव्हा आमच्याकडच्या बायांना एक सवय लागली होती. घरातला माणूस उशिरा आला की कुठे होता, एवढा वेळ का लागला, असं त्या विचारायच्या नाहीत. आधी त्याच्याकडे नीट पाहून घ्यायच्या. एकदा अकोटच्या पुढे एसटी बंद पडली आणि वडील खूप उशिरा कोणाच्या तरी ट्रकमधून आले. आई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. ते पायऱ्या चढून आले. तिने काहीच विचारलं नाही. त्यांच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरली, कापड बघतात तशी, आणि जरा वेळाने सोडली. मग त्यांच्या हातची थैली घेऊन आत गेली. आमचा माणूस तसल्या विचारांचा नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं. पण त्या वर्षांत ठाऊक असण्यावर कोणाचा भरवसा राहिला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात वडिलांनी अकोल्याला जठारपेठेतल्या एका चाचांच्या दुकानातून दोन जुने बटनाचे फोन आणले. एक खिशात, एक घरी. घरचा फोन त्यांनी भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि आईला म्हणाले, "अकोट सोडलं का मी एक रिंग देतो. उचलू नोको." एवढंच त्यांचं भाषण. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. रिंग आली की ती पीठ भिजवायला घ्यायची. ते दारात पाय ठेवायचे तेव्हा पहिली भाकर तव्यावर फुगलेली असायची.

मिस कॉल तेव्हा सगळीकडेच चालायचे, फुकटात निरोप जायचा. पण आमच्याकडे त्याला देवाच्या दिव्यासारखी शिस्त होती. एकदा पुण्याचे जावई, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, घरी आले होते. देवळीतला फोन वाजला. सासूबाई जवळ बसूनही उचलत नाहीत असं पाहून त्यांनी मोठ्या अदबीने उचलला आणि म्हणाले, "हॅलो, नमस्कार, बोला." पलीकडे वडील होते. घरचा फोन उचलला गेला म्हणजे घरी काहीतरी विपरीत झालं, आईला काही झालं, असंच त्यांना वाटलं. पुढचं एक अक्षर न ऐकता ते अकोटच्या स्टँडवरून सुटलेल्या एसटीतून उतरले आणि कोणाची तरी जीप करून आले. अंगणात पाहतात तो जावई लुंगी लावून शेंगदाणे खाताहेत. त्यानंतर कित्येक वर्षं जावई आमच्या घरी कोणताही फोन वाजला की दोन्ही हात मागे बांधून उभे राहायचे. बहीण अजून त्यावरून त्यांची खेचते.

आणि त्या रिंगची चालही वेगळी होती. त्या फोनमध्ये बटनं दाबून स्वतःची धून बनवता यायची. वडील भजनात टाळ वाजवायचे. एका हिवाळ्यात त्यांनी संध्याकाळच्या संध्याकाळ ओसरीत बसून, चष्मा कपाळावर आणि जीभ दातांत धरून, एका भजनाची चाल त्यात बसवली. शेवटाकडचा एक सूर चुकला. तो दुरुस्त कसा करायचा ते त्यांना काही सापडलं नाही. मी म्हटलं, "पुसून पुन्हा करा." ते म्हणाले, "राहू दे. आपलाच हाय हे ओयखू येते." ती धून फक्त त्यांच्या नंबरला लावलेली होती. बाकी कोणाचाही फोन आला तर साधी घंटी.

ते गेले ते घरीच, भर दुपारी, खाटेवर, झोपेत. आई त्यानंतर माझ्या चुलतभावाच्या घरी जेवायची, दोन्ही घरांना भिंत एकच. फोन मात्र तिने देवळीतून हलवला नाही. यंदाच्या उन्हाळ्यात मीच हट्ट करून तिला त्या फोनसकट अमरावतीला आणलं. मळा चुलतभावाला बटईने दिला. मला सुट्टी होती, दिवसभर आम्ही दोघी घरात, तिचं बरं चाललं होतं. मग शाळा सुरू झाली, आणि त्याच सुमारास त्या म्हाताऱ्या फोनची बॅटरी पापडासारखी फुगली आणि पडदा पांढरा पडला तो पडलाच. मी तिला नवा, काचेचा, महागातला फोन घेऊन दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "याले दाबाचं कुठं?"

तेव्हा "रिंग नाही आली" हे तिच्या तोंडून ऐकल्यावर मी हिशेब जुळवला. तिच्या मनाने वडील अजून अकोटहून येताहेत. जुना फोन गेला, रिंग थांबली, म्हणून तिचं जेवण थांबलं. मी ठरवलं, खोटं तर खोटं. रिंग वाजली तर ती भाकर टाकेल आणि भाकर टाकली तर खाईल. तपासण्यांचं पुढे बघू.

रविवारी मेलेला फोन पर्समध्ये घालून मी अकोल्याची गाडी पकडली. जठारपेठेतलं दुकान होतं तिथेच होतं, पण आता बाहेर कव्हरांच्या माळा लटकल्या होत्या. चाचांची दाढी पांढरी झाली होती. फोन हातात घेतला आणि मला आधी ओळखलं नाही, फोनला ओळखलं. "ये तो सांभारवाले भाऊ का पीस है," म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "तू त्यांची मास्तरीण पोरगी ना?"

त्यांनी फोन खोलला, बोर्डावर ब्रश फिरवला, दोन ठिकाणी सुई टेकवून पाहिली आणि झाकण परत लावलं. "गया, बेटी. याचा बोर्ड आता कुठंच भेटत नाही." तसला दुसरा पीस? तो असता तरी धून त्यात नव्हती. मग बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्यांना आठवलं की एकदा ह्या फोनची बॉडी बदलताना त्यांनी आतलं सगळं उतरवून वडिलांना एक सीडी दिली होती. सीडी माझ्याकडे होती. माझ्या मार्कशीटांच्या पेटीत वडिलांनीच ठेवली होती, महत्त्वाचं सगळं एकाजागी असावं म्हणून.

"पण त्याचा काय फायदा," चाचा म्हणाले. "धून भेटंल, बजेगी नहीं. नये फोन उसकी बोली नहीं समझते. त्यासाठी तोच फोन पाहिजे, नाहीतर त्याचं सोंग घेणारा कोणी."

असं सोंग घेणारा प्रोग्राम असतो, त्याला इम्युलेटर म्हणतात, हे मला माहीत होतं. मी गणिताची बाई, पण शाळेतली संगणकाची खोलीही माझ्याच गळ्यात आहे, कारण दुसऱ्या कोणाला नको होती. लहानपणी हिवरखेडला बहुरूपी यायचे, कधी पोलीस होऊन, कधी डॉक्टर होऊन. इम्युलेटर तसाच. आत नवा संगणक आणि वरून जुन्या फोनचा वेष. त्यात जुना प्रोग्राम घातला की त्याला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत. फक्त त्याला फोनचं मूळ सॉफ्टवेअर लागतं, आणि ते ज्या कंपनीचं, तिनेच ते कधीचं टाकून दिलं होतं. चाचांनी टाकलं नव्हतं. पूर्वी बिघडलेल्या फोनवर सॉफ्टवेअर मारायला लागायचं ते सगळं त्यांच्या एका जुन्या, डबा झालेल्या संगणकात पडून होतं. आमच्या फोनचं नक्की कोणतं, ते त्यांना आठवेना. दोन फायलींवर त्यांचा संशय होता, त्या दोन्ही त्यांनी पेनड्राइव्हवर घालून दिल्या. "एक चलेगी," म्हणाले.

हे सगळं कशासाठी, ते मी सांगितलं तेव्हा त्यांनी मेलेला फोन परत हातात घेतला. मग म्हणाले, "सबके ऐसेच होते थे. आमच्या घरी दोन रिंगा म्हंजे दरवाजा खोलो." पैसे विचारले तर मला हातानेच जा म्हटलं.

घरी आल्यावर मी बैठकीत लॅपटॉप मांडून बसले. आई खाटेवर माझ्याकडे पाठ करून सांभार निवडत होती. तिला ह्यातलं काही कळत नाही, असं मी धरून चालले होते. इम्युलेटर एका संकेतस्थळावर मिळाला. कोण कुठली माणसं, आपलं काम सोडून असल्या मेलेल्या फोनांची उस्तवार करत बसलेली. सूचना बहुधा रशियनमध्ये होत्या. चित्रं पाहून पाहून मी पुढे सरकले. चाचांची पहिली फाईल घातली, पडदा काळा. पुन्हा घातली, पुन्हा काळा. मी संगणकाला मराठीत जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई पाठमोरीच म्हणाली, "हळू. त्याले मार लागन." दुसरी फाईल घातली. पडदा निळसर झाला, कंपनीचं नाव आलं, मग ती ओळखीची टुणटुण, आणि लॅपटॉपच्या मधोमध आमचा फोन उभा राहिला. तीच बटनं, तोच खालचा गोल. तारीख कारखान्यातून निघाल्याच्या वेळची. बॅटरी भरलेली, आणि सिग्नलची एकही दांडी नाही. त्याची बॅटरी आता कधी उतरणार नव्हती आणि त्याला रेंजही कधी येणार नव्हती.

सीडी घालायला माझ्या लॅपटॉपला तोंडच नव्हतं. ती मी सोमवारी शाळेतल्या सर्वांत म्हाताऱ्या संगणकावर उतरवून घेतली. संध्याकाळी घरी येऊन ते सगळं इम्युलेटरच्या फोनात घातलं आणि आधी नंबरांची यादी उघडली. चुलतभाऊ, बहीण, दवाखाना, चक्की, आणि शेवटी "मी". हा "मी" कोण, म्हणून उघडून पाहिलं तर वडिलांचा नंबर. घरच्या फोनमध्ये त्यांनी स्वतःलाच "मी" म्हणून ठेवलं होतं. ज्याने ठेवलं त्याच्या बाजूने बरोबरच होतं. मला हसू आलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसली होती. पीठ काढलेलं. मी आवाज मोठा केला आणि धून वाजवली.

ती इतक्या वेगात वाजली की सगळी चाल एका उचकीत संपली. जुना प्रोग्राम नव्या संगणकावर उधळतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. आईने मान वळवली. "कोणाचा फोन वाजून राह्यला?" म्हणाली. "वरातीचा बँड हाय का?" आणि पुन्हा समोर पाहत बसली. त्या दिवशीही ती जेवली नाही. मला कोणाचा तरी फार राग आला आणि तो नेमका कोणाचा ते कळेना, म्हणून मी भांडी जोरात घासली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप शाळेत नेला. दुपारी पोरं गेल्यावर संगणकाच्या खोलीत बसून इम्युलेटरच्या सगळ्या खिडक्या उघडून पाहिल्या. एका कोपऱ्यात घड्याळाचं चित्र होतं. जुन्या फोनच्या चालीने चालायचं की आपल्या, हे तिथे ठरत होतं. मी त्याला जुन्या चालीवर आणलं आणि धून दाबली.

ओसरी, देवळी, कंदिलाखालची आई, सगळं त्या किरट्या आवाजात होतं. शेवटाकडे तो सूर आला, चुकलेला, वडिलांचा. तो तसाच चुकलेला असेल ना, ह्याचीच मला धाकधूक होती. मी टेबलावर डोकं ठेवून भरपूर रडून घेतलं. ते गेले तेव्हा एवढी रडले नव्हते. तेव्हा पाहुणे होते, चहा होता, आईला सांभाळायचं होतं.

मग मी ती धून माझ्या फोनवर टिपून घेतली. घरी गेल्यावर आई अंघोळीला गेली तेवढ्यात तिच्या नव्या फोनमध्ये घातली आणि माझ्या नंबरला लावली. दुसऱ्या दिवशी मी दुपारचा फोन केला नाही आणि शिकवणीही बुडवली. शाळेच्या फाटकाशी उभं राहून आईचा नंबर लावला, एक रिंग जाऊ दिली आणि कापला. बापाचं सोंग घेऊन आईला फसवायचं, असं काम मी कधी केलं नव्हतं. घरी जाईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती. तिने तीन ताटं मांडलेली असतील. तिसऱ्या ताटाचं मी काय करू? ते उचलायला लागलं तर ती विचारेल, त्यांना उशीर का झाला. त्याला मी काय उत्तर देणार होते?

दार उघडंच होतं. भाजल्या भाकरीचा वास जिन्यापर्यंत आला होता. आई ओट्याशी उभी, पिठाने पांढरे हात, तव्यावर भाकर फुगलेली. जमिनीवर ताटं मांडलेली होती.

दोन.

मी पर्स खांद्यावरून न काढताच उभी राहिले. ती म्हणाली, "उभी काऊन? बस ना. वांग्याची भाजी केली."

आम्ही जेवायला बसलो. तिने भाकर मोडली, भाजीत बुडवली, खाल्ली. दुसरा घास खाल्ला. मी तिच्या हाताकडेच पाहत होते. शेवटी न राहवून विचारलं, "आई, रिंग कोणाची होती?"

"तुही," ती म्हणाली. "अजून कोणाची?"

"पण चाल तर बाबांची होती."

"मंग? बनोली त्याईनं, पण दिली तं तू." मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिच्या एकदम ध्यानात आलं. "काय वं, तुले वाटलं का थे येऊन राह्यले असं मले वाटते? मी काय येडी हावो? माह्या हातानं त्याईच्या तोंडात पाणी घातलं मी."

"मग तू जेवत का नव्हतीस?"

"तू कवा येते हे मले कोण सांगते?" ती म्हणाली. "एक दिवस साताले, एक दिवस नवाले. माणूस दाराशी आल्याबिगर भाकर टाकली तं गार होते. आन आली का तू लागते कुकर लावाले, मले उठूबी देत नाही. तुही थे घाईघाईची खिचडी माह्या गयाखाली उतरत नाही, खरं सांगू का."

माझी खिचडी खरंच वाईट असते. पण माझ्याही हातात हुकमाचं पान होतं. मी म्हटलं, "मी रोज दुपारी फोन करत होते. तू उचलत नव्हतीस."

आईने घास खाली ठेवला. "घराबाहेरच्या माणसाचा फोन कोणी उचलते का? उचलला असता तं तुह्या पोटात गोया नसता आला? घरी काही झालं म्हणून पयत आली असती." मग म्हणाली, "मले वाटे तू निघाली. मी भाकरी टाको, आन तू येच नाही. असं लय दिवस झालं. मंग त्या रिंगीचा भरोसा नाही राह्यला. दिवसभर वाजते थो डबडा, कधी बँकवाले, कधी कंपनीवाले, साऱ्याइचा आवाज एकच. कोण येऊन राह्यलं ते कसं समजाचं?"

गार भाकरी, न उचललेला फोन, न खाल्लेलं जेवण. डॉक्टरांसमोर मी एकाखाली एक मांडलेली ती सगळी लक्षणं माझी होती, तिची नव्हती. रविवारी ती का जेवायची, हेही आता कळलं. रविवारी मी घरी असायचे.  तिने माझ्या ताटात आणखी अर्धी भाकर टाकली आणि म्हणाली, "आता दुपारी गोयीसाठी फोन करू नोको. गोयी मी खातो बरोबर. निघशीन तवाच देत जा. आन थे कॉम्प्युटरवर तू दोन दिवस खटपट करून राह्यली होती ना, तवाच मले समजलं होतं. म्हटलं करू दे. बापासारखंच जीभ दातात धरून बसली होती."

त्या तपासण्या पुढे केल्या. सगळं ठीक निघालं, थोडं रक्त कमी होतं. माझं नाव आता तिच्या फोनमध्ये "मी" असं आहे. तिला वाचता येतं ते थोडंच, पण तेवढं येतं. लॅपटॉपमधला फोन मी काढलेला नाही. मधूनच कधी उघडते, बॅटरी भरलेली असते.

मध्यंतरी एकदा शाळेत मीटिंग लांबली. फोन वर्गात राहिला होता, तो घेऊन बाहेर पडले तेव्हा अंधार पडून गेला होता. रिंग द्यायचं घाईत सुचलंच नाही. रिक्षातून उतरले तर आई फाटकाशी उभी, गजाला धरून. मी बोलायला तोंड उघडलं, उशीर कसा झाला, फोन कुठे राहिला. तिने काहीच ऐकलं नाही. माझ्या ब्लाउजची बाही दोन बोटांत धरली, कापड बघतात तशी, आणि धरून ठेवली. मग माझ्या हातातली पिशवी घेतली आणि जिना चढायला लागली.

"हात धुय," वरून म्हणाली. "पीठ भिजोतो."